माऊसवाली आणि सांगणाऱ्या

आमच्या शाळेची निवड झाल्याचं पत्र आलं तेव्हा मुख्याध्यापक सरांना वाटलं, काहीतरी बक्षीसच लागलं. पेढे मागवायचे तेवढे बाकी होते. मी पत्र दोनदा वाचलं आणि त्यांना म्हटलं, "सर, बक्षीस नाही, परीक्षा आहे. आणि खरं सांगायचं तर पोरांची कमी, आपली जास्त."

वेगवेगळ्या देशांतल्या आठवी-नववीच्या मुलांना कॉम्प्युटर कितपत वापरता येतो, त्यावर माहिती शोधता येते का, खरीखोटी ओळखता येते का, ती नीट मांडता येते का, हे सगळीकडे एकाच मापाने मोजणारी परीक्षा असते. तशी परीक्षा आपल्याकडे घ्यायची झाली तर कशी जमेल, याची चाचपणी नाशिक जिल्ह्यातल्या काही शाळांमध्ये करणार होते. शाळा चिठ्ठ्या टाकल्यासारख्या निवडल्या होत्या. त्यात सटाण्याहून नामपूरकडे जाताना लागणारी आमची शाळा निघाली. मी तिथे कॉम्प्युटर शिकवते. स्वभावाने तापट आहे, हे मीच सांगून टाकते, नाहीतर शाळेत दुसरं कोणीही सांगेल.

आमच्याकडे चालू स्थितीतले दहा कॉम्प्युटर आणि वर्गात चाळीस मुलं. म्हणजे एका कॉम्प्युटरवर चौघं. पहिल्या वर्षी मी सगळ्यांना आळीपाळीने माऊस दिला आणि दोन महिन्यांत तीन माऊस निकामी झाले. एकाची वायर तुटली, एक खाली पडला, तिसऱ्याचं काय झालं ते कोणीच कबूल केलं नाही. नवे मागवायचे तर अर्ज, मग मंजुरी, मग वाट बघा. वर्ष सरलं तरी माऊस काही आले नाहीत. माझं डोकं फिरलं. मी नियमच करून टाकला. चौघांत एकाने माऊस धरायचा, बाकी तिघांनी काय करायचं ते सांगायचं. माऊस कोणाच्या हातात द्यायचा ते मी ठरवायचे. ज्यांच्या घरी कॉम्प्युटर होता, ज्यांचा हात स्थिर होता, त्यांना मी निवडलं. मुलांनी त्यांची नावंही पाडली, माऊसवाली आणि सांगणाऱ्या. त्यानंतर एकही माऊस मोडला नाही, आणि मी त्याबद्दल स्वतःची पाठ थोपटून घेत असे.

नववीतली माझी सगळ्यात हुशार मुलगी सांगणारी होती. तिच्या वडिलांचं बाजारपेठेत टेलरिंगचं दुकान आहे, गाव त्यांना टेलरचाचा म्हणतं. घरी कॉम्प्युटर नाही, एक फोन आहे आणि तो भावाच्या खिशात असतो. पण या पोरीला एकदा सांगितलेलं दुसऱ्यांदा सांगावं लागत नसे. तिच्या गटात माऊस होता कांद्याच्या आडत्याच्या मुलीकडे. ही मागे उभी राहून भराभर बोलायची, "फाइलवर जा. खाली उतर. हां, तेच. आता सेव्ह." मी शेजारून जाताना ऐकत असे आणि मनात म्हणत असे, वा, हिला सगळं येतं!

तिला दहावीनंतर नाशिकला कॉम्प्युटरचा डिप्लोमा करायचा होता. गेल्या ईदला त्यांनी मला शिरखुर्म्याला बोलावलं होतं. वाटी माझ्या हातात देऊन टेलरचाचा समोर बसले आणि म्हणाले, "मॅडम, घरात सगळे नाही म्हणतात. पोरगी नाशिकला, हॉस्टेलवर, लोक काय म्हणतील. मला एवढंच सांगा, हिला खरंच जमेल का? तुम्ही हो म्हटलं तर मी कोणाचं ऐकणार नाही." पोरगी दाराच्या पडद्याआड उभी होती, तिचे पाय दिसत होते. मी म्हटलं, "चाचा, डोळे झाकून पाठवा." त्यावर त्यांनी घरात तसं जाहीर करून टाकलं.

परीक्षेच्या दिवशी नाशिकहून एक चाळिशीतले गृहस्थ आले. गाडीतून लॅपटॉप उतरवले, प्रत्येकाला स्वतंत्र माऊस लावला, टेबलं लांब लांब मांडली. मुलं एकेकटी बसली. मला मागच्या भिंतीपाशी खुर्ची दिली आणि समजावलं की मी वर्गात बसू शकते, पण बोलायचं नाही, खूण करायची नाही, कोणाजवळ जायचं नाही. सूचना ते छापील कागदावरून शब्दाला शब्द वाचणार होते, कारण दुसऱ्या देशातल्या मुलांनाही तेवढंच आणि तसंच सांगितलेलं असतं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मी आरामात बसले होते.

पहिलं काम सोपं होतं. परगावच्या मुलांना आपल्या शाळेची ओळख करून देणारं एक पान तयार करायचं. बाजूला चित्रं आणि मजकूर दिला होता, त्यातलं योग्य ते उचलून पानावर ठेवायचं. मुलांनी सुरुवात केली. टेलरचाचांची मुलगी माझ्यापासून दोन रांगा पुढे होती. तिचे दोन्ही हात मांडीवर होते.

मला वाटलं, वाचते आहे. हुशार पोरं आधी वाचतात. पाच मिनिटं झाली. हात मांडीवरच. मग मला तिचा आवाज ऐकू आला, अगदी हळू. "चित्रावर जा. दाब. दाबून धर. आता ओढ." ती स्क्रीनकडे बघून सांगत होती. थोडं थांबली आणि पुन्हा तेच म्हणाली. परीक्षा घेणारे गृहस्थ तिच्याजवळ गेले आणि ओठांवर बोट ठेवून तिला गप्प केलं.

मग तिने माऊसवर हात ठेवला. ठेवला म्हणजे काय, वरून तळवा टेकवला. बाण स्क्रीनच्या कोपऱ्यात जाऊन बसला, तो तिला सापडेना. तिने माऊस हवेत उचलला, परत ठेवला, आणि पटकन हात काढून घेतला. माझ्याकडे वळून पाहिलं. मी खाली बघितलं, कारण खूणही करायची नव्हती.

पलीकडे आडत्याच्या मुलीचा हात झरझर चालत होता. बाण पानभर फिरत होता, पण तो कुठे न्यायचा ते तिला कळत नव्हतं. ती दर मिनिटाला मान वळवून मागे बघायची, जिथे एरवी ही उभी असायची. दोघींनी मिळून ते पान दहा मिनिटांत केलं असतं, हे मी आजही छातीठोकपणे सांगते. पण परीक्षा एकेकीची होती. वेळ संपली तेव्हा एकीच्या पानावर सगळी चित्रं एकावर एक पडलेली आणि दुसरीचं पान कोरं. मी वर्गभर नजर टाकली. हात मांडीवर ठेवून बसलेली मुलं बरीच होती. मोजायचं धाडस मला झालं नाही.

मुलं बाहेर गेल्यावर हजेरीचा तक्ता भरायचा होता. प्रत्येक मुलापुढे तीनच पर्याय: हजर, गैरहजर, नकार, म्हणजे मुलाने परीक्षा द्यायलाच नाही म्हटलं. ते गृहस्थ टेलरचाचांच्या मुलीच्या नावापाशी थांबले. "हिने काहीच केलेलं नाही. नकार लिहू का?"

मुख्याध्यापक सर तेवढ्यात आले होते. त्यांनी विचारलं, "नकार लिहिलं तर शून्य धरतात का?"

"नाही. तिला गणतीत घेत नाहीत."

"मग लिहा की! अशी जेवढी असतील त्या सगळ्यांपुढे नकार लिहा. शाळेचं नाव कशाला खराब करायचं? काय हो मॅडम?"

मला मान हलवायची होती, खोटं कशाला सांगू. नकार म्हटलं की सगळंच मिटत होतं. पोरीला शून्य नाही, शाळेला नाही, मला तर नाहीच. एवढ्यात ती स्वतः दारात आली, दप्तर राहिलं होतं म्हणून. तिने ऐकलं होतं. "मी नाही म्हटलं नाही, सर," ती म्हणाली. आवाज रडवेला होता, पण ती रडली नाही. "मॅडम, मला येत होतं ना?"

मला तिला हो म्हणता येईना आणि नाही तर मुळीच म्हणता येईना. मग मी चिडले. कोणावर चिडले म्हणाल तर सरांवर, कारण ते समोर होते. "सर, ती पोरगी नाही म्हणालेली नाही. हजर लिहा, सगळ्यांपुढे हजर लिहा," मी म्हटलं. "आणि शून्य आले तर येऊ द्या." सर म्हणाले, "अहो मॅडम, जरा शांत व्हा," आणि निघून गेले. खाली शाळेच्या वतीने माझी सही लागणार होती. सहीच्या आधी शेऱ्याचा रकाना होता. मी त्यात लिहिलं: यातल्या बऱ्याच मुलांना दोन वर्षांत माऊस हातात दिलेला नाही. तो नियम माझा होता. त्या गृहस्थांनी वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि कागद फाइलमध्ये ठेवला.

कागदावर लिहिणं सोपं होतं. कागद नाशिकला जाणार होता, तिथे मला कोण ओळखतं? टेलरचाचा मात्र दुकान बंद करून फाटकापाशी येऊन उभे होते, गळ्यात टेप तशीच. बाहेरच्या देशांतली परीक्षा म्हणून त्यांनी सकाळपासून गिऱ्हाइकांना सांगितलं होतं. मुलगी माझ्या मागे दोन पावलं चालत होती.

"कसं झालं, मॅडम?" त्यांनी मुलीला नाही, मला विचारलं.

"चाचा, तिला काही करता आलं नाही."

त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी मुलीकडे बघितलं आणि परत माझ्याकडे. "तुम्ही तर म्हणाला होता..."

"म्हणाले होते. तिला सगळं माहीत आहे, ते खरंच आहे. पण मी तिला कधी कॉम्प्युटर चालवू दिला नाही. चौघांत एकीच्या हातात माऊस देत होते, हिला नुसतं सांगायला लावत होते. चूक माझी आहे, तिची नाही." हे बोलताना मला लाज वाटली. इतकी लाज मला त्या शाळेत त्याआधी कधी वाटली नव्हती.

त्यांनी गळ्यातली टेप काढून हाताला गुंडाळली. रागावतील असं मला वाटलं होतं. रागावले असते तर बरं झालं असतं. "मॅडम," ते म्हणाले, "माझ्याकडे कोणी शिकायला येतो, त्याला मी पहिल्या दिवशी मशिनवर बसवतो. सुया मोडतात, कपडा वाया जातो. बसवल्याशिवाय हात कसा बसेल? तुमचं काय मोडलं असतं?"

"माऊस," मी म्हणाले.

त्यांनी मुलीच्या खांद्यावरचं दप्तर काढून आपल्या खांद्याला लावलं. "सोमवारी मी स्वतः येतो," ते म्हणाले. "मागे बसतो. ही चालवते कशी ते माझ्या डोळ्यांनी बघतो. नाशिकचं त्यानंतर ठरवू."

मी म्हटलं, या ना, जरूर या. त्या दिवसापर्यंत त्या घरात माझा नुसता शब्द पुरत होता.