फॉस्फेटचा डाग आणि माझी पाच बोटं

सत्तरच्या दशकात परभणीच्या कॉलेजात आमच्या सरांना प्रथिनांचे तुकडे हातानं जोडायचं वेड लागलं आणि त्यासाठी त्यांनी आम्हा दोघांना धरलं. एक मी, झरीचा. दुसरा माझा जोडीदार, वालूरचा. अमिनो आम्लं एकेक करून जोडायची आणि तीन-चार कड्यांची साखळी करायची. मला साधी साखळी मिळाली. त्याच्या साखळीत मधल्या कडीवर फॉस्फेट बसवायचं होतं, दुधातल्या केसिन या प्रथिनावर असतं तसं. ते फॉस्फेट लय नाजूक. कडक सोडा लागला की गळून पडायचं. मी आठवड्याला एक फ्लास्क फोडायचो, तेव्हा असलं काम सर माझ्याकडे का देत नाहीत हे मला कळत होतं. पण कळलं म्हणून जळायचं थांबत नाही.

त्यात हैदराबादच्या मोठ्या प्रयोगशाळेत सहा महिने शिकायला जायची एकच जागा होती. सर म्हणाले होते, "ज्याचं काम आधी नीट उतरेल, तो जाईल."

मला त्याचं सगळंच खुपायचं. साखळी जोडताना फ्लास्क थंड ठेवायला तो सकाळीच सायकलवर कारखान्यातून बर्फ आणायचा, भुशात घालून, पोत्यात गुंडाळून. मी विचारायचो, "काय रे, सरबताची गाडी टाकायलास का?" तो हसायचा आणि म्हणायचा, "तुलाबी देतो की एक गिलास." त्याला राग कसा येत नाही, याचाही मला राग यायचा.

मे महिन्यात त्याची साखळी तयार झाली. परीक्षा अशी : पदार्थाचा थेंब जाड कागदावर ठेवायचा, कागद द्रावणात उभा करायचा, वाळवायचा आणि मग अमिनो आम्लाला जांभळं करणारं निनहायड्रिन फवारायचं. जांभळा डाग मागे रेंगाळला तर फॉस्फेट शाबूत, पुढे पळाला तर गेलं. त्यानं कागद दोरीला चिमट्यानं वाळत घातला आणि जेवायला गेला.

मला दम निघेना. फवारल्याशिवाय त्यावर काही दिसत नाही हे मला ठाऊक होतं, तरी मी कागद काढला, उजेडाकडे धरला, उलटा केला, वास घेतला. पांढराशुभ्र. समाधानानं परत लावून टाकला.

दुपारी सरांसमोर त्यानं फवारा मारला आणि कागद शेगडीवर धरला. एक डाग उठला, मागेच रेंगाळलेला, देखणा. आणि त्याच्या चहूबाजूंनी उठली जांभळी पाच बोटं. घामात अमिनो आम्लं असतात, म्हणून असला कागद चिमट्यानंच धरायचा, हे मीच नव्या पोरांना शिकवायचो.

"कुणाचा हात हा?" सरांनी विचारलं.

"माझाच लागला सर," तो म्हणाला.

अंगठ्याच्या ठशात आडवी पांढरी रेघ होती, कडबा तोडताना विळा लागल्याची. ती माझ्या अंगठ्याला होती, त्याच्या नव्हे. मी हात खिशात घातला.

"इतका निष्काळजी माणूस हैदराबादला पाठवू मी?" सर म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "तुझं कुठवर आलंय?"

जागा माझ्याकडे चालून येत होती. गप्प राहायचं, एवढंच काम. पण तो तिथं उभा होता, माझं पाप अंगावर घेऊन, अगदी शांत. माझ्यापेक्षा हुशार होता तेवढं मी कसंबसं पचवलं होतं. आता चांगुलपणातही पुढं जायला लागला, ते मात्र सोसेना.

"माझा हात हाय सर," मी म्हणालो आणि अंगठा पुढं केला.

सरांनी माझा अंगठा ओढून कागदावरच्या ठशाशेजारी धरला. मग म्हणाले, "उद्या नवा कागद लावा. तू खोलीबाहेर उभं राहायचं."

बाहेर पडताना तो म्हणाला, "कशाला बोललास, येड्या?"

"तुला काय करायचंय?" मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी डाग स्वच्छ उठला. पंधरा दिवसांनी तो हैदराबादला गेला. त्याची वळकटी स्टेशनपर्यंत मीच वाहिली, आणि सबंध वाटेत ती एकदा तरी चिखलात पडावी असं मला वाटत होतं. पण उन्हाळ्यात परभणीत चिखल कुठला?