नदीपलीकडचे सरडे

आलापल्लीच्या आमच्या शाळेतून दहावीनंतर चंद्रपूरला विज्ञान शिकायला एकाच मुलीची शिफारस व्हायची, आणि ती विज्ञानाचे सर करायचे. ती मुलगी मीच, हे मी धरूनच चालले होते. अडचण एवढीच, की वसतिगृहात माझ्या शेजारच्या खाटेवर भामरागडकडची एक पोरगी झोपायची आणि तिचं डोकं माझ्यापेक्षा चांगलं चालायचं. मला ती डोळ्यांसमोर नको व्हायची.

त्या पावसाळ्यात तिच्या गावचा रस्ता बंद पडला आणि तिची पंधरा दिवस शाळा बुडाली. परत आली ती थेट माझ्याकडे. गृहपाठ होता, नवीन प्रजाती कशी तयार होते. सर त्यावरूनच नाव ठरवणार होते.

"मले वाटते ते आइक, चुकत असन तं सांग," ती म्हणाली. "पुरानं आमचं गाव तुटते. समज, पूर कधी ओसरलाच नाई. मंग इकडचे सरडे इकडंच, तिकडचे तिकडंच. लई पिढ्या गेल्या का दोघं वेगळे होतीन. पुढं भेटले तरी त्यांची पिल्लं होनार नाई. असंच ना?"

असंच होतं. मी जे नुसतं घोकलं होतं, ते मला त्या क्षणी पहिल्यांदा समजलं.

"नाई वं," मी म्हटलं. "साफ चुकलं. नदीबिदी काई नसते त्याच्यात."

आणि मी तिला जिराफ लिहून दिला. मान ताणून ताणून लांब झाली, तशीच पिल्लांना मिळाली, झाली नवी प्रजाती. हे मत चुकीचं का, हे शिकवण्यात सरांनी अख्खा तास घातला होता. त्या तासाला ती नव्हती. तिने शब्द न् शब्द उतरवून घेतला आणि वर मला घरून आणलेले मोहाचे लाडू दिले. मी ते खाल्ले.

सरांनी तिची वही वर्गात मोठ्याने वाचली. "पंधरा दिवसांत तुझी मान किती लांब झाली गं?" पोरी खिदळल्या. मीही हसले, जरा जास्तच. मग माझी वही निघाली. तिच्यात नदी होती, पूर होता, सरडे होते. सर म्हणाले, "असं उदाहरण सुचायला डोकं लागतं."

ती उभीच होती. बस म्हणायचं सर विसरले होते. तिने माझ्याकडे पाहिलं, सरांना काही सांगितलं नाही. जेवणाच्या रांगेत मात्र म्हणाली, "म्हंजे माहं बरोबर होतं." आवाजात राग नव्हता. तिला खरंच तेवढंच जाणून घ्यायचं होतं. मी ताट पुढे केलं आणि भात घेतला.

शिफारस माझी झाली. ती गावी गेली, पुढे शिकली नाही असं कानावर आलं. मी खोदून विचारलं नाही.

आता मी नागभीडला हाच विषय शिकवते. हा धडा आला की फळ्यावर नदी काढते, दोन काठांवर दोन सरडे. पोरांना चटकन कळतं. लाज वाटते, पण उदाहरण सोडवत नाही. यंदा पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "मॅडम, हे तं पुस्तकात नाई. तुमाले कसं सुचलं?"

"डोकं लागतं," मी म्हटलं आणि फळा पुसला.