भारत, ब्राझील आणि ओढ्यापलीकडची वाडी

मागच्या ग्रामसभेत तुम्ही शेवटपर्यंत बसला होतात का?

मी नव्हते. माझं बालपण चळवळीच्या पत्रकांच्या घड्या घालण्यात गेलं, हक्क आणि संविधान हे शब्द मी बाराखडीबरोबर शिकले, म्हणून हे सांगायला जास्तच लाज वाटते. पोशीरजवळच्या आमच्या गावात, बुद्धविहारात, मी दहावीच्या मुलींचा वर्ग घेते. भूगोलात भारत आणि ब्राझील शेजारी शेजारी मांडलेत. मुली दोन्ही रकाने पाठ करतात. त्या दिवशी मी तावातावाने सांगत होते की दोन्हीकडे प्रजासत्ताक, पण ब्राझीलमध्ये मतदान सक्तीचं आहे.

मग वह्या तपासल्या. वाडीवरून येणाऱ्या एका मुलीने ‘दुर्गम प्रदेश, रस्ते कमी, वस्ती विरळ’ हे भारताच्या रकान्यात लिहिलं होतं. मी लाल रेघ मारली. म्हटलं, हे ॲमेझॉनच्या खोऱ्याचं, ब्राझीलखाली लिही.

तिने वही जवळ ओढली.

“मंग आमी कुठल्या देशात ऱ्हातो, ताई?”

बाकीच्या हसल्या. ती नाही. मग हळूहळू कळलं. डांबरी रस्ता फार्महाऊसच्या फाटकापर्यंत येतो, तिथे तिची आई भांडी घासते. त्यापुढे ओढा. पावसाळ्यात तो चढला की वाडी तुटते. मागच्या वर्षी हिची शाळा कितीतरी दिवस बुडाली. यंदा ओढ्यावर साकव, निदान पायी जाण्यापुरता छोटा पूल, झाला नाही तर शाळा बंद, असं घरात ठरलंय. साकवाचा विषय मांडायला आई त्याच सकाळी कामावर खाडा करून ग्रामसभेला आली होती. विषय निघेपर्यंत माणसंच उरली नाहीत. सभा तहकूब.

रजिस्टरवर सह्या मात्र भरपूर होत्या. सही करून घरी जायचं, ही आमच्याकडची रीतच. त्यातली एक सही माझी. सही ठोकून मी ब्राझीलचं मतदान शिकवायला आले होते.

“आईने बघली तुमची सही,” ती खाली बघत म्हणाली. “तुमी दिसल्या नाय.”

मी ती लाल रेघ खोडली, पण तेवढ्याने ओढा ओलांडता येत नाही.

साकवाचा विषय पुन्हा येणार आहे, आणि तुमच्या गावातही असा एखादा विषय पडून असेल. एवढंच करा: रजिस्टरवर सही केलीत, तर त्या विषयावर हात वर करेपर्यंत उठू नका.