चिमण्याचं गाणं आणि गप्प झालेला संगणक

ती घटना आठवली की आजही आधी हसू येतं. माणसांची नावं मी लिहिणार नाही. बैलाचं मात्र लिहितो, त्याची काही हरकत नसावी.

पारनेर तालुक्यातल्या एका ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. सकाळची हजेरी उरकली होती, तोच ठाणे अंमलदारासमोर एक शेतकरी येऊन उभा राहिला. कडेवर मूल घ्यावं तसा त्याने लॅपटॉप संगणक धरला होता, तोही बैलाच्या भरजरी झुलीत गुंडाळून. मागे हातात पांढरी काठी घेतलेली त्याची पुतणी होती. तिला जन्मापासून दिसत नाही.

"साहेब, आमच्या शेजाऱ्यानं ह्यात व्हायरस सोडला," तो म्हणाला. "पार आवाजच गेला ह्याचा. लिवून घ्या."

मला आधी गंमत वाटली. मग ती मुलगी बोलली. "सर, मी वाचत नाही, ऐकते. माझ्या नोट्स संगणकच मोठ्यानं वाचून दाखवतो. पुढच्या आठवड्यात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाची परीक्षा आहे, आणि हा एक अक्षर बोलत नाहीये." माझं हसू तिथेच विरलं. आम्ही कामाला लागलो.

शेजाऱ्यावर संशय घ्यायला कारणही तयार होतं. गावच्या यात्रेत घाटावर, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, झालेल्या बैलगाडा शर्यतीत फिर्यादीच्या चिमण्या बैलाने शेजाऱ्याच्या बैलाला मागे टाकलं होतं, आणि तेव्हापासून दोन्ही घरांचं बोलणं बंद होतं. शेजाऱ्याला बोलावून घेतलं.

"साहेब, मला मोबाईलवर हिरवं दाबायचं न् तांबडं दाबायचं, यवढंच येतं," तो म्हणाला. "व्हायरस मी कुठनं आणू? आन् माझा बैल हारला, त्यात पोरीचं काय चुकलं?"

खोटं बोलणारा बहुधा उत्तरं घरूनच घोकून येतो. हा मात्र प्रत्येक प्रश्नाला डोकं खाजवत होता. खटकत होता तो फिर्यादी. "गुन्हा तेवढा लिवून घ्या. मशीन उघडून बगायची काय गरज न्हाई," असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. नोकरीत फिर्यादी पुष्कळ पाहिले, पण मुद्देमाल तपासू नका म्हणणारा हा पहिलाच. मी त्याला चहा पाजला आणि लक्ष ठेवलं.

सायबरचं प्रशिक्षण घेतलेल्या एक महिला शिपाई आमच्याकडे होत्या. त्यांनी आतली तपासणी सुरू केली आणि जेवणाच्या सुमाराला मला हाक मारली. "सर, सापडला. कुणीतरी फुकटचं गाणं उतरवलंय, आणि त्याच पानावरून 'आवाज दुप्पट करा' नावाचं काहीतरी घेतलंय. तोच व्हायरस आहे." संगणकाला स्पीकरची ओळख पटवून देणारा ड्रायव्हर नावाचा एक प्रोग्राम असतो. या पाहुण्याने आत शिरून तोच उडवला होता. बाईंनी आधी पाहुण्याला हाकललं, पुन्हा तपासणी केली, मग ठाण्यातल्या दुसऱ्या संगणकावर कंपनीच्या साइटवरून मूळ ड्रायव्हर घेऊन तो पेन ड्राइव्हने बसवला. संगणक बंद करून पुन्हा सुरू केला, तेव्हा पडद्याच्या कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चित्रावरची लाल फुली गेली होती. प्रत्येक पायरी बाई त्या मुलीला सांगत होत्या. "आता वाजवून बघते," म्हणत त्यांनी सगळ्यात शेवटी उतरवलेली फाइल लावली.

ढोलताशांनी ठाणं दणाणलं. "घाटाचा राजा आला रं, चिमण्या आला!" लॉकअपमधल्या दोघांनी गजांवर ठेका धरला. हवालदार पाठ फिरवून हसत होता. फिर्यादी तेवढा दाराआड जाऊन उभा राहिला होता.

"गान्यात बैलाचं नाव घालून मिळत हुतं," तो खाली बघत म्हणाला. "पन लई बारीक वाजायचं. तितंच लिवलं हुतं, आवाज दुप्पट करा. म्या दाबलं. मंग समदंच गप झालं. पोरीला काय तोंड दाखवू? तिला वाटंल, तात्याला बैलच प्यारा."

"मला ठाऊक होतं, तात्या," मुलगी म्हणाली. "की-बोर्डाला चिमण्याची पेंड चिकटली होती."

"मंग बोलली न्हाईस?"

"ह्या संगणकासाठी तुमी चिमण्याचा जोडीदार इकला. तुमाला काय बोलू?"

तात्याने उपरण्याने डोळे पुसले आणि शेजाऱ्यापुढे हात जोडले. फिर्याद अजून नोंदवली नव्हती, ते बरंच झालं. "जाऊ द्या, पन माझ्या बैलाचंबी आसंच गानं पायजे," शेजारी म्हणाला. "दुसऱ्या कुणाच्या तरी संगणकावर," बाईंनी लगेच बजावलं.

गुन्हा लपवणारा आणि लाज लपवणारा, दोघांचे चेहरे सारखेच दिसतात, हे मला त्या दिवशी कळलं. तेव्हापासून दरडावण्याआधी मी जरा थांबू लागलो. त्या मुलीच्या निकालाचे पेढे मी खाल्ले, आणि ते घेऊन तात्या आणि शेजारी एकाच मोटारसायकलवर आले होते.

पण मला जास्त आठवते ती त्या दिवसाची दुपार. "सर, इथंच बसून एक धडा ऐकू का?" मुलीने विचारलं होतं. संगणक सावकाश वाचू लागला. बाहेर एप्रिलचं ऊन होतं आणि डोक्यावरचा जुना पंखा खडखडत होता. तात्या उठला, त्याने पंखा बंद केला आणि घामाने निथळत, धडा संपेपर्यंत तिच्यामागे उभा राहिला.