नव्या टायरांचा नारळ

माझ्या गाडीच्या टायरांना दोन सासवा आहेत. एक ताम्हिणीकडचा डोंगर आणि दुसरी माझी बायको. एकीला खूश करावं तर दुसरी रुसते.

सोमवार ते शुक्रवार आम्ही दोघं पिरंगुटहून घोटावडे फाट्यावरून माणमार्गे हिंजवडीला नोकरीला जातो. ती एका कंपनीत हिशेब बघते आणि मी दुसऱ्या कंपनीत संगणकासमोर गंभीर चेहरा करून बसतो. घरी पोचलं की माझे वडील, तिची आई, लेकीचा अभ्यास, कुकरच्या शिट्ट्या. आमचं दोघांचं असं बोलणं होतं ते फक्त गाडीत. ती ऑफिसातल्या लोकांच्या नकला करते, मी त्यांना टोपणनावं ठेवतो आणि माण येईस्तोवर आम्ही दोघं पोट धरून हसत असतो. दिवसातला माझा हाच तुकडा खरा. बाकीचा दिवस तो पुन्हा येण्याची वाट बघण्यात जातो.

आणि रविवारी मी डोंगराचा. ताम्हिणीच्या अलीकडे, डांबरी रस्ता सोडून कच्च्या वाटेनं वर गेलं की आमची थोडीशी जमीन आहे. तिथं मी आंबे लावलेत, फणस लावलेत आणि ते अजून माझ्या गुडघ्याएवढेच आहेत. शेजारी एक धनगर जोडपं राहतं. त्यातली मावशी म्हणजे त्या डोंगरावरची समालोचक. गेल्या पावसाळ्यात माझी गाडी साध्या गुळगुळीत टायरांनिशी चिखलात बसली, तेव्हा मावशीनं आधी बांधावर ऐसपैस बैठक मारली, शेळ्या गोळा केल्या आणि मगच नवऱ्याला हाक दिली.

"आवं, बैलं आना! दादांची म्हस बसली हितं!"

बैलांनी गाडी ओढून काढली. बैल माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होते तसं माझ्या शाळेतल्या गणिताच्या मास्तरांनीही कधी बघितलं नव्हतं. वर एका टोकदार काळ्या दगडानं टायरची बाजू चिरली ती वेगळीच. मधला भाग पंक्चर झाला तर बुजवता येतो, पण बाजू फाटली की टायर गेलाच.

मग मी ठरवलं, चिखलाचे टायर! मोठाल्या गट्ट्यांचे, ज्यांना आपल्याकडे बटण टायर म्हणतात ते. माझ्या एका मित्राच्या जीपला आहेत. आणायच्या आधी बायकोकडून पसंत करून घ्यावेत म्हणून एका संध्याकाळी ती जीप मागून आणली आणि तिला फिरायला नेलं. गाव मागे पडून जरा वेग घेतला आणि गाडीखाली पिठाची गिरणी सुरू झाली. घर्रर्र! बायकोचे ओठ हलताना दिसत होते. मी मान डोलावत होतो. मान डोलावून डोलावून मी तिच्या मावसबहिणीला मुलाबाळांसकट महिनाभर राहायला बोलावलं, हे मला घरी पोचल्यावर कळलं.

बायको विदर्भातली. एरवी छान पुणेरी बोलते, पण चिडली की तिकडची होते.

"असे टायर लावून राहिले असाल ना, तर मी उद्यापासून कंपनीच्या बसनं जाईन. सांगून ठेवते. घसा फोडून कोण बोलत बसेल जी तुमच्याशी?"

कंपनीची बस! डोंगरावर मी वर्षभर गेलो नाही तरी चालेल, पण ती बाजूची सीट रिकामी ठेवून मी माणपर्यंत जाऊ?

दुसऱ्या दिवशी पिरंगुटातलं टायरचं दुकान गाठलं. दुकानदार गल्ल्यावर एखाद्या सरपंचासारखा बसला होता. मी सगळी कहाणी सांगितली, अभिनयासह. घर्रर्र आवाजही काढून दाखवला.

"सायेब," तो म्हणाला, "डोंगरावर किती जाता आन रोडवर किती?"

"आठवड्यातून एकदा डोंगर, पाच दिवस रस्ता."

"मंग चिखलाचं टायर कशाला? रोडवर झिजून जाईल आन वहिनी बसनं जातील. दोन्हीकडनं गेलात तुमी."

त्यानं आतून एक टायर गडगडत आणला. ऑल टेरेन, म्हणजे डोंगर आणि डांबर दोन्हींचा. गट्टे होते, पण जवळजवळ बसवलेले. दोन गट्ट्यांमधल्या खाचा खोल होत्या, पण चिखलाच्या टायरइतक्या रुंद नव्हत्या. बाजू जाड होती, दगडाला पुरून उरेल अशी. माझी हौस उसळली आणि मी म्हणालो, "याच्यापेक्षा मोठ्या मापाचा द्या ना, गाडी रुबाबदार दिसेल!"

"दिसंल की. पन वळताना आतनं घासंल, त्याचं काय? कंपनीचं माप हाय त्येच घ्या. रुबाबाला गॉगल लावा."

चारही टायर बदलले. शनिवारी संध्याकाळी गाडी दारात उभी राहिली, पण बायको काही तिच्यात बसेना. पूजा झाल्याशिवाय ती नव्या वस्तूला हात लावत नाही आणि पूजा सोमवारीच करायची हे तिच्या आईनं पंचांग बघून ठरवलं होतं. मग रविवारी मी एकटाच डोंगरावर गेलो. कच्च्या वाटेला लागायच्या आधी टायरांमधली थोडी हवा कमी केली, म्हणजे ते चिखलात पसरून पकड घेतात. गाडी त्या जुन्या खड्ड्यातून अशी वर आली की मी एकटाच टाळ्या वाजवल्या. मावशी बांधावर तयारीनं बसलेली होती. तिचा चेहरा पडला.

"आली व्हय वर? आमी बैलं बांधून ठिवली हुती की वो दादा. गेल्या साली लई मजा आली हुती."

एक सासू पास. उतरल्यावर हवा पुन्हा भरली आणि डांबरी रस्त्यानं घरी आलो. आवाज? नाममात्र. मी आनंदानं शीळ घालत होतो आणि ती मला नीट ऐकू येत होती.

सोमवारी सकाळी पूजा. हळद, कुंकू, झेंडूचा हार, चारही टायरांखाली चार लिंबं. बायकोनं गाडीसमोर नारळ असा आपटला की शेजाऱ्यांचं कुत्रं जिन्याखाली गेलं. "चला!" ती बसली. लिंबं फुटली. आम्ही निघालो.

टक. टक. टक.

वेग वाढवला. टकटकटकटक!

बायकोनं माझ्याकडे बघितलं. "हाच का तुमचा बिनआवाजाचा टायर?"

"अगं, काल नव्हता हा आवाज! आईशपथ!"

"काल मी नव्हते."

मग ती खिडकीबाहेर बघत राहिली. घोटावडे फाट्याच्या जरा अलीकडे कंपनीची बस शेजारून गेली आणि बायकोनं तिच्याकडे अशा प्रेमानं बघितलं की मी लगेच गाडी कडेला घेतली, खाली उतरलो आणि आरोपीची झडती घेतात तसा एकेका टायरभोवती फिरलो. पुढच्या डाव्या टायरच्या खाचेत काहीतरी पांढरं चमकलं.

करवंटी! खोबऱ्यासकट, दोन गट्ट्यांच्या मधोमध, रुतून बसलेली.

"बाहेर ये," मी म्हणालो, "आणि तुझा प्रसाद बघ."

ती उतरली, वाकली, बघितलं. आणि मग रस्त्याच्या कडेला, ऑफिसच्या साडीत, ती इतकी हसली की तिला बॉनेटला धरून उभं राहावं लागलं. "अरे बाप्पा! माझाच नारळ जी!" डोळे पुसत तिनं डिकीतला पेचकस आणला आणि करवंटी स्वतः उकरून काढली. खोबरं कडेनं काळं पडलं होतं. तरी तिनं ते झाडाखाली नीट ठेवलं, पाया पडली, मलाही पडायला लावलं.

पुन्हा निघालो. टक नाही, टुक नाही. वेग वाढवल्यावर खालून बारीकशी घूं ऐकू आली, घरातल्या पंख्याइतकी. बायकोनं मान तिरकी करून ती ऐकली.

"हं," ती म्हणाली. "तर शुक्रवारी आमच्या साहेबांनी काय केलं, सांगू का?"

आणि तिनं साहेबांचा आवाज काढला. मीटिंगमध्ये साहेबांची खुर्ची कशी हळूहळू खाली जात होती आणि ते मात्र तसंच भाषण कसं देत राहिले, हे तिनं सीटवरून खाली सरकत सरकत करून दाखवलं. शेवटी तर नुसतं कपाळच दिसत होतं. मी हसता हसता स्टिअरिंग घट्ट धरलं. थोड्या वेळानं ती वर आली, तिचे ओठ हलले, मी खदखदा हसतच मान डोलावली आणि मग ती मागे वळून बघायला लागली.

"अहो, आपला फाटा गेला ना मागे! मी 'वळा, वळा' म्हणून राहिले होते."

"ऐकू नाही आलं गं. टायरांचा आवाज."

"कोणता आवाज?" ती म्हणाली आणि माझ्या दंडावर सणसणीत चापट मारली.