न खाल्लेला खर्रा

न केलेला गुन्हा कबूल करून, वर निर्दोष सुटल्याबद्दल शिव्या खाणारा भंडाऱ्याजवळच्या शहापुरातला मी बहुधा एकटाच माणूस असेन.

मुळात मी कमी बोलणारा. त्यात चेहरा जन्मजात गुन्हेगाराचा! शेजारची कोंबडी हरवली तरी घाम मी पुसतो. मागच्या वर्षी बायकोच्या, म्हणजे सुनंदाच्या, डोक्यावर हात ठेवून मी तंबाखू-सुपारीचा खर्रा सोडला. (खरंच सोडला हो!) तरी तिनं रोखून पाहिलं की माझी जीभ उगाच गालात काहीतरी लपवायला लागते.

एका सकाळी उठल्या उठल्या मी सुनंदासमोर तांब्याभर पाणी घटाघटा प्यालो, आणि घात झाला.

"रोज तोंड कायले कोरडं पडते जी? आ करा!"

मी आ केला.

"अगं बाई! दात पाहा कसे झिजले! अन् जिभेच्या काठाले हे काय? करंजीले मुरड घातल्यावानी! खर्रा सुरू केला ना परत? माह्या डोक्यावर हात ठेवून?"

"नाही," मी म्हणालो. पण अशा आवाजात, की माझाच माझ्यावर विश्वास बसेना.

झडती सुरू झाली. स्कूटरची डिक्की, बुटांचे तळ, तांदळाची कोठी. काहीच सापडलं नाही. सुटलो म्हणतो तोच, "इतकं लपवून खाता?" म्हणत ती रडू लागली. शपथ मोडली, आता आपण काही जगत नाही, मरायचंच तर आईजवळ मरू, म्हणून एकोडीला माहेरी जायला पिशवीही भरू लागली! तिचं रडणं मला बघवेना. कबूल केलं की प्रकरण मिटतं, असं मी ऐकून होतो.

"हो. खातो."

"कोण देते?"

हा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा होता! तोंडात आलं ते नाव ठोकून दिलं. "गजानन."

गजानन म्हणजे तिचाच सख्खा भाऊ!

तिचा फोन गेला आणि गडी एकोडीहून मोटारसायकलवर तणतणत हजर. "भाऊजी, म्या कवा देला तुमाले खर्रा? माहाच मले पुरत नाही!"

सुनंदा हळूच त्याच्याकडे वळली. (एका कबुलीत दोन आरोपी!)

शेवटी स्वतःची अब्रू वाचवायला गजाननच मला ऑटोत कोंबून भंडाऱ्याला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. सुनंदा फिर्यादी म्हणून सोबत, मांडीवर भरलेली पिशवी.

बाईंनी तोंडात बॅटरी मारली. "खर्ऱ्याचे ताजे डाग नाहीत. काका, तुम्ही झोपेत दात खाता."

"म्हंजे कायतरी खातेतच ना!" सुनंदा.

"तसं नाही हो. झोपेत दातांवर दात घासून झिजलेत. जीभ दातांवर दाबली जाते, म्हणून काठाला खुणा. घशाची वाटही अरुंद दिसते. काका, घोरता का?"

"नाही," मी म्हणालो.

"म्याडम, हे दुपारी लवंडले तं तळ्यावरचे बगळे उडतेत!" गजानन.

"घोरणं मधेच थांबतं? श्वास अडकल्यासारखं?"

"थांबते ना," सुनंदा म्हणाली. "मले वाटे, देव पावला."

बाई हसल्या नाहीत. झोपेत श्वास बंद पडण्याचा आजार असू शकतो. नुसतं तोंड पाहून नक्की सांगता येत नाही, झोपेची तपासणी करून घ्या, टाळू नका, म्हणाल्या. सुनंदाचा हात पिशवीवरून माझ्या मनगटावर कधी आला, मला कळलं नाही. पकड मात्र फिर्यादीचीच होती.

बाहेर येताच तिनं विचारलं, "खाल्लाच नव्हता तं कबूल काहून केलं?"

"तू विचारून राहिली होती म्हणून."

"काय माणूस आहा जी तुमी! दिवसभर तोंड उघडत नाही, अन् रातभर बंद करत नाही!"

"अन् माही बेइज्जती?" गजानन मागून ओरडला. त्याच्या खिशातली पुडी तिनं तिथंच नालीत टाकली.

एकोडी रद्द झाली. आता तपासणीचा नंबर लागेपर्यंत मी दुपारी जरा आडवा झालो की सुनंदा शेजारी तांदूळ निवडत बसते. घोरणं थांबलं रे थांबलं, की बरगडीत बोट टोचते, "काहून जी, आहा ना?"

आणि मी डोळेही न उघडता दचकून ओरडतो, "हो, खाल्ला! गजाननानं दिला!"