सरपंचाच्या भिंतीतला खिळा

खिळा अर्धा भिंतीत गेला होता. हातोडी घरमालकाच्या हातात होती. "द्या मॅडम, तुमाला जमायचं नाय," असं म्हणून त्यानेच ती माझ्याकडून घेतली होती. मी पिशवीतून तसबीर काढली. आईने जुन्या लुगड्यात गुंडाळून दिलेली. निळा कोट, चष्मा, हातात पुस्तक. त्याने तसबीर पाहिली. मग मला पाहिलं. हातोडी उलटी धरली आणि खिळा उपटून काढला.

"बाई, ही खोली नाय देता यायची. पोरीचा साखरपुडा हाय. पावनं येतील."

पाच मिनिटांपूर्वी मी मॅडम होते.

तो गावचा सरपंच. गाव कशेळ्याच्या पुढे, आणि माझी जिल्हा परिषदेची शाळा त्या गावाच्या वर, डोंगरातल्या वाडीवर. मी नवी शिक्षिका, नुकतीच रुजू झालेली. आडनाव त्याने आधीच विचारून घेतलं होतं. पण आमचं आडनाव त्यांच्यातही असतं. तिथे तो फसला आणि त्याचा राग माझ्यावर निघाला.

गादी, शेगडी, भांड्यांची गोणी घेऊन मी रस्त्याकडेला जीपची वाट बघत उभी राहिले. समोर त्याची बायको खोली धूत होती. बादल्याच्या बादल्या ओतत. ती खोली त्याच सकाळी मी झाडून घेतली होती. पाणी अंगणातून वाहत माझ्या चपलेपर्यंत आलं, तसा मी पाय मागे घेतला. का घेतला? ते पाणी माझ्यासाठीच तर ओतलं होतं. आजही आठवलं की कानशिलं तापतात.

मी डीएड केलं. टीईटी दिली, नापास झाले, पुन्हा दिली, पास झाले. मग भरतीची चाचणी. मग जात पडताळणी. आजोबांच्या शाळेचा दाखला शोधायला बाबांनी पंक्चरचं दुकान बंद ठेवून खालापूरला खेटे घातले. सरकारला माझी जात पटायला इतके कागद लागले. सरपंचाला एक तसबीर पुरली.

शेवटी कर्जतला खोली घेतली, दवाखान्यात काम करणाऱ्या दोन मुलींबरोबर. शिक्षणसेवकाचं मानधन खोलीभाडं आणि जीपमध्येच संपतं. तांदूळ घरून आणते. कशेळ्यापर्यंत शेअर जीप, पुढे मिळेल तो टेंपो, नाहीतर पायी. वर ऐकायचं काय, तर बाईंची मजा आहे, सरकारी नोकरी. मजाच म्हणायची.

त्या डिसेंबरात सरपंच शाळेत आला. भिंतीवर तीच तसबीर, तोच निळा कोट. त्याने हार घातला, हात जोडून फोटो काढून घेतला, समतेवर भाषण ठोकलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत. त्याने ते पाहिलं.

शिक्षणसेवकाची तीन वर्षं भरत आली. सेवा कायम व्हायची तर मुख्यालयी राहत असल्याचा दाखला जोडा, असं ऑफिसातून सांगण्यात आलं. म्हणजे बाई शाळेच्या गावातच राहते, असं ग्रामपंचायतीने लिहून द्यायचं. राहत कोणीच नाही. आणतात सगळे. आमचे मुख्याध्यापकही म्हणाले, "अगं, घे नि मोकळी हो. कोण बघायला येतंय?"

पंचायतीत गेले. सरपंचाने दाखला तयारच ठेवला होता. हसत पुढे सरकवला. मी वाचला. रुजू झाल्यापासून मी सरपंचाच्या घरी भाड्याने राहते म्हणे. अंगणाकडच्या खोलीत. त्याच खोलीत.

माझं डोकं सणकलं.

"खोली रिकामी आहे अजून?"

"हाय की."

"मग किल्ली द्या. आजच येते राहायला."

त्याचं हसू गेलं. "कागदावर हाय ना तुमी? मग झालं तर. नोकरी पक्की करायचीय का नाय, बाई?"

कागदावर मी त्याला चालत होते. कागद धुवावा लागत नाही. ज्या घरातून मला हाकललं, त्याच घरात मी सुखाने राहते असं मीच सरकारला सांगायचं, आणि वर त्याचे आभार मानायचे. मी दाखला त्याच्याकडे परत सरकवला. तिथेच कोरा कागद मागितला आणि अर्ज लिहिला. या गावात मी खोली मागितली. ठरलेली खोली माझी जात कळल्यावर नाकारली. म्हणून मी मुख्यालयी राहत नाही. तसा दाखला मिळावा.

क्लार्कने शिक्का उचलला, सरपंचाकडे पाहिलं आणि खाली ठेवला.

"पोच द्या," मी म्हटलं.

"साहेब आल्यावर या."

"बसते."

शिपायाने पंखा बंद केला. मी बसून राहिले. ग्रामसेवक आले, अर्ज दोनदा वाचला, घाम पुसला आणि शिक्का मारला. सरपंच तोवर उठून गेला होता.

माझी फाईल अडकली आहे. मुख्याध्यापक माझ्याशी कामापुरतं बोलतात. आई म्हणते, "गं बाय, सगल्यांनी घेतला तसा घ्यायचा व्हता." तिला भीती वाटते. मलाही वाटते. ऑफिसातून फोन आला, दाखला कधी आणताय. मी सांगितलं, अर्ज दिलाय, पोच माझ्याकडे आहे.

त्या गावात मला राहायला खोली मिळेल, नाहीतर ती का मिळत नाही, हे सरकार शिक्क्यानिशी लिहून देईल. तिसरं काही मी घेणार नाही.